इंटरव्ह्यूत 'आम्ही' चालत नाही

लीड्स, रविवार रात्र

आई, बाबा,

काल फोनवर नीट सांगता आलं नाही, आवाज तुटत होता आणि बाबा मधेच भातकापणीला माणसं मिळत नाहीत ते सांगत बसले, म्हणून लिहालेय. गुरुवारी इंटरव्ह्यू आहे, हार्टच्या आयसीयूचा. पगार तोच, बँड 5 चाच, म्हणजे इथल्या नर्सच्या सुरुवातीच्या श्रेणीचा, खरं वॉर्डात राहून शिकलेलं विसरायला लागलंय.

बाबा, तुमचं बायपास झालं तेव्हा छातीच्या खालनं नळ्या काढलेल्या, आठवतंय काय? त्यातनं रक्त पडतंय बघून आई रडालती. भ्यायचं असतंय ते पडायचं एकदम बंद झालं की. रक्त आतच हार्टभोवती साठतंय, हार्टला फुगायला जागा राहत नाही, बीपी पडतंय, सीव्हीपी, म्हणजे हार्टकडं येणाऱ्या मोठ्या शिरेतलं प्रेशर, चढतंय. त्याला टॅम्पोनेड म्हणतात, आणि हे विचारणारच म्हणून सगळी सांगालेत. उत्तर पाठ आहे. नळी कुठं मुरगळलीय काय, आत गाठ अडकलीय काय बघायचं, सर्जनला लगेच बोलवायचं, इको म्हणजे हार्टची सोनोग्राफी, आणि छाती परत उघडायची ट्रॉली बेडजवळ ओढून ठेवायची. हार्ट थांबलंच तर 5 मिनिटांत तिथंच बेडवर उघडायचं बघतात. आई, तू एवढं वाचू नको.

हे जमतंय गं. अडतंय दुसरीकडंच. त्याच युनिटातल्या एका केरळच्या मैत्रिणीनं काल मॉक, म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू घेतला, म्हणाली घाबरलेल्या पेशंटला समजावलेलं एक उदाहरण सांग. मी बेळगावातली ती गोकाककडची अज्जी सांगितली, व्हेंटिलेटर काढल्यावर सगळ्या लाईनी उपटायला बघालती, मराठी एक अक्षर कळत नव्हतं, झोपेचं इंजेक्शन द्यायचं बोलणं चाललेलं. 'आम्ही कन्नडमध्ये बोललो मग शांत झाली' म्हटलं तर ही म्हणते, आम्ही म्हणजे कोण?

मीच की! माझं कन्नड म्हणजे बाजारातलं, 'नोवु इदेया अज्जी?', दुखतंय काय, एवढंच विचारलं, तिनं पाठीकडं हात नेला, बघतोय तर सिरिंजचं टोपण पाठीखाली रुतलेलं. काढलं, हात धरून बसले, इंजेक्शन लागलंच नाही.

हे 'मी केलं' म्हणून सांगायला जीभ वळत नाही. लहानपणापासनं 'मी मी करू नको' म्हणून तूच कान उपटलेस ना आई! इथं आम्ही म्हटलं की मार्क जातात, टीमनं काय केलं ते नको असतंय त्यांना, तू काय केलीस ते सांग म्हणतात. आता रोज आरशासमोर 'आय आस्क्ड, आय चेक्ड' चाललंय, शेजारची पोलिश मुलगी दार वाजवून बघून गेली.

सकाळी 10 ला आहे, म्हणजे तिकडं साडेतीन. संपलं की लगेच फोन करते, आई त्यावेळी गिरणीत जाऊन बसू नको. आणि कुंदा पाठवू नको, मागच्या वेळचा डबा फुटून सगळ्या स्वेटरला लागलेला.

तुमची,
बाळी