हातमिळवणी केली, पण पदरात काय पडले?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या अध्यक्षाने विरोधकांशी जुळवून घ्यावे की नाही, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेले दोन्ही लेख वाचले. एका लेखकाला त्यात मोठेपणा दिसतो, दुसऱ्याला दुबळेपणा. मी गेली बरीच वर्षे न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो आणि इथे मतदानही करतो. मला वाटते, दोघांनीही अध्यक्षाला आपल्या पंतप्रधानाच्या फूटपट्टीने मोजले आहे.

आपल्याकडे लोकसभेत बहुमत पाठीशी असते म्हणूनच माणूस पंतप्रधान होतो. पक्षादेश निघाला की खासदार निमूट मत देतात. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर तर विरोधात मत देणाऱ्याची खासदारकीच धोक्यात येते. इथे अध्यक्ष वेगळा निवडून येतो, काँग्रेस म्हणजे इथली संसद वेगळी. समोर विरोधी पक्षाचे बहुमत असणे ही नेहमीचीच गोष्ट. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवून मतदानापर्यंत जायलाच 100 पैकी 60 मते लागतात, आणि स्वपक्षाचे लोक ऐकतीलच याचीही खात्री नसते. 1964 च्या नागरी हक्क कायद्याच्या वेळी चर्चा थांबवण्याच्या प्रस्तावाविरुद्ध तेव्हाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या 23 सिनेटरांनी मत दिले. रिपब्लिकनांच्या 33 पैकी 27 जणांनी मात्र प्रस्तावाला पाठिंबा दिला, म्हणून कायदा झाला. त्या बदल्यात त्यांचे नेते एव्हरेट डर्कसन यांनी मसुद्यात आपल्याला हवे ते बदल करून घेतले होतेच. फुकट कोण काय देतो?

आता आमच्या राज्यातले सांगतो. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळाने न्यू जर्सीचा किनारा उद्ध्वस्त केला. अध्यक्षीय निवडणूक आठवड्यावर आलेली. तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती रिपब्लिकन, प्रचारात ओबामांवर तुटून पडणारे. तरी 31 ऑक्टोबरला ते ओबामांबरोबर ब्रिगंटाइनमध्ये फिरले आणि त्यांचे उघडपणे आभार मानले. त्यांच्या पक्षाने हे कधी माफ केले नाही. 2023 मध्ये पक्षाच्या उमेदवारांच्या वादचर्चेतही विवेक रामास्वामींनी त्यांना त्या भेटीतल्या कथित ‘मिठी’वरून टोमणा मारला, म्हणजे अकरा वर्षांनी!

पण खरी गंमत पुढे झाली. मदतीच्या विधेयकावर मतदान न घेताच 1 जानेवारी 2013 च्या रात्री प्रतिनिधीगृह, म्हणजे खालचे सभागृह, उठले. सभापती जॉन बेनर यांनी ख्रिस्तींचे फोनही घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी ख्रिस्तींनी पत्रकार परिषदेत बेनर यांचे नाव घेऊन पक्षाला घरचा आहेर दिला. अखेर 15 जानेवारीला सुमारे 50 अब्ज डॉलरचे विधेयक 241 विरुद्ध 180 मतांनी मंजूर झाले. त्या 241 मध्ये रिपब्लिकन किती? फक्त 49. ज्यांची घरे वाहून गेली होती, त्यांच्यापैकी कोणी हे पैसे कोणाच्या मतांनी आले म्हणून परत केल्याचे ऐकिवात नाही.

सँडीचे खारे पाणी हडसन नदीखालच्या रेल्वे बोगद्यातही शिरले होते. हा बोगदा 1910 चा, एकेका रुळाच्या दोन नळ्यांचा. आमच्यासारख्या न्यूयॉर्कला कामाला जाणाऱ्यांची सगळी भिस्त त्याच्यावर. क्षार आजही काँक्रीट आणि तारा खात बसले आहेत. एक नळी बंद पडली की सकाळी फलाटावर नुसती गर्दी तुंबते. म्हणून आखलेल्या नव्या बोगद्याला जो केंद्राचा निधी मिळाला, त्यात बायडेन यांच्या 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्याचा मोठा वाटा आहे. त्या कायद्यासाठी सिनेटमध्ये 19 रिपब्लिकनांनी मत दिले. प्रतिनिधीगृहात बायडेन यांच्याच पक्षाचे सहा जण विरोधात गेले आणि 13 रिपब्लिकन बाजूने आले. हे 13 जण विरोधात गेले असते, तर विधेयक पडलेच असते. त्यातले दोघे आमच्या न्यू जर्सीचे होते. सर्व तेरा जणांना त्यांच्याच पक्षातून ‘गद्दार’ ही पदवी मिळाली. पुढे ऑक्टोबर 2025 मध्ये शटडाउनच्या (निधीअभावी सरकारी कामकाज बंद पडण्याच्या) भांडणात ट्रम्प प्रशासनाने याच बोगद्याचा निधी रोखून धरला. विरोधकांना धडा शिकवायचा म्हणे! त्या फलाटावर उभे राहणाऱ्यांत ट्रम्प यांचे मतदार काही कमी नाहीत.

याचा अर्थ दिसेल त्या विरोधकाच्या गळ्यात पडावे असा नाही. 2009 चा उन्हाळा ओबामांनी आरोग्यविम्याच्या विधेयकासाठी दोन्ही पक्षांच्या सहा सिनेटरांच्या गटाची बोलणी पूर्ण होण्याची वाट पाहण्यात घालवला. शेवटी त्या कायद्याला दोन्ही सभागृहांत एकही रिपब्लिकन मत मिळाले नाही. डिसेंबर 2010 मध्ये त्यांनी बुशकालीन करसवलती, श्रीमंतांच्या धरून, दोन वर्षे वाढवल्या तेव्हा स्वपक्षच खवळला. डेमोक्रॅटांच्या बाजूने बसणारे अपक्ष बर्नी सँडर्स सिनेटमध्ये आठ तासांहून जास्त बोलत उभे राहिले. माझ्या मते तो सौदा वाईट नव्हता. बेरोजगारांचा भत्ता 13 महिने वाढला, पगारातून कापला जाणारा कर 6.2 वरून 4.2 टक्क्यांवर आला. चूक झाली ती दुसरीकडे. कर्जमर्यादा, म्हणजे सरकारने किती कर्ज काढावे याची कायदेशीर मर्यादा, वाढवण्याचा प्रश्न त्याच सौद्यात मिटवायला हवा होता. पत्रकारांनी तसे विचारलेही होते. बेनर सभापती झाले की जबाबदारीने वागतील, असा ओबामांचा होरा. पुढच्या उन्हाळ्यात कर्जमर्यादेवरून देश दिवाळखोरीच्या काठावर गेला आणि ऑगस्ट 2011 मध्ये एस अँड पी या मानांकन संस्थेने अमेरिकेचे पतमानांकन घटवले.

आमच्याकडच्या मराठी मंडळींतही या विषयावर जेवणाच्या पंगतीत आवाज चढतात. ओबामांनी विरोधकांना विचारात घेतले नाही म्हणून तळतळणारे गृहस्थ आज ट्रम्प यांनी कोणालाच का विचारावे, असे म्हणतात. दुसऱ्या बाजूचेही तितकेच सोयीस्कर आहेत. 2017 मध्ये ट्रम्प यांनी हार्वे वादळाच्या मदतीसाठी आणि कर्जमर्यादेसाठी डेमोक्रॅट नेते चक शुमर व नॅन्सी पलोसी यांच्याशी परस्पर समझोता केला, तेव्हा यांना आनंदाचे भरते आले होते.

एक विनंती आहे. अमेरिकेतल्या कायद्याची बातमी छापताना अध्यक्ष झुकले की अडून बसले, एवढ्यावर न थांबता कोणत्या पक्षाची किती मते कुठे पडली आणि त्या बदल्यात कोणाला काय मिळाले, याची छोटी चौकट द्यावी. आकडे काँग्रेसच्या संकेतस्थळावर सहज मिळतात.

आपला,
एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)