रहस्यमालिकेतील गाव आणि गावातली रात्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका मराठी वाहिनीवर नुकत्याच संपलेल्या रहस्यमालिकेची कथा यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यात घडते, म्हणून आमच्या गावात ती घरोघरी उत्सुकतेने पाहिली गेली. पदरी मात्र निराशाच पडली.

मालिकेतील खून रब्बीच्या दिवसांत, रात्री, शेतातील विहिरीजवळ होतो आणि ‘एवढ्या रात्री शेतात कोण असणार’ असे म्हणून तपास अधिकारी साक्षीदारांचा शोधच सोडून देतो. इकडे कृषिपंपांना थ्री फेज वीज अनेकदा रात्रीच मिळते, त्यामुळे हरभऱ्याला ओलित करणारी माणसे मध्यरात्री शेतातच असतात. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून पीक राखायला जागलीवर गेलेले वेगळेच. कोणत्या धुऱ्यावर (बांधावर) बॅटरी चमकली, कोणाची मोटर मध्येच बंद पडली, एवढ्यावरून चार भाग सहज रंगले असते. लेखकांना गाव माहीत नसल्यामुळे हाताशी असलेले रहस्य त्यांनी वाया घालवले, याचे मला फार वाईट वाटते.

खुनी ठरलेला माणूस आधी जेमतेम दिसतो आणि शेवटच्या भागात स्वतःच सारे सांगून टाकतो. प्रेक्षकाला जरूर चकवावे, पण धागेदोरे त्याच्यासमोर ठेवून. शिवाय ठाण्यातील त्या कबुलीवरच प्रकरण मिटते! पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम 25 हेच सांगत होते आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 23 हेच सांगते. शिवारात प्रेत सापडूनही पोलीस पाटील कुठे दिसत नाही.

अभिनयात मृताच्या आईची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने पंचनाम्याच्या प्रसंगात एकही शब्द न बोलता जे उभे केले, ते विसरता येणार नाही. नायक मात्र राग आणि दुःख एकाच सुरात बोलतो आणि वाक्याच्या शेवटी ‘बे’ जोडले की वऱ्हाडी झाली, असे समजतो. अर्थात, प्रत्येक भावना शब्दांत सांगून मोकळे होणारे संवाद असतील, तर नटाने तरी काय करावे? विदर्भात कलावंतांची वाण नाही. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीची बोली वऱ्हाडीहून वेगळी असली, तरी तिथल्या नाटकांतले नट रात्रभर प्रेक्षकांना खिळवून ठेवतात आणि त्याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली आहे.

वाहिनीने दुसरे पर्व जाहीर केले आहे. त्याआधी लेखकांनी रब्बीत इकडे येऊन राहावे, ओलित करणाऱ्यांशी आणि पोलीस पाटलाशी बोलावे आणि या वेळी खुनी पहिल्या दोन भागांतच आमच्यासमोर वावरू द्यावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ