व्हॅन विकायची नाही, पण धक्का मारायचा नाही

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, ठरलंय ते आधी सांगते, मग रागवा. आपली ओम्नी व्हॅन विकायची नाही. दादाशी बोलणं झालंय, त्यालाही पटलंय. पण चेकनाक्याजवळ व्हॅन चालू होईना म्हणून तुम्ही तिला धक्का मारलात हे आईने सांगितल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही. स्टेंट बसवलेल्या माणसाने गाडी ढकलायची नसते. म्हणून शनिवारी सकाळी नाक्यावरचे इलेक्ट्रिशियन भाई गाडी बघायला घरी येतील. पैसे पाठवले आहेत, तो विषय काढायचा नाही. आणि तपासणीच्या दिवशी ड्रायव्हर येईल. तुम्हाला चालवता येत नाही म्हणून नव्हे हो. हॉस्पिटलबाहेर पार्किंग मिळेपर्यंत आई उन्हात उभी राहते, शिवाय रिकाम्या पोटी रक्त दिल्यावर लगेच मुलुंडच्या ट्रॅफिकमध्ये शिरायचं कशाला? बाकी भाजी, देऊळ, आत्याकडे जाणं, सगळं तुमच्याच हातात.

दोष गाडीचा फारसा नाही असं मला वाटतं. आईसाठी डॅशबोर्डवर पंखा बसवला, त्याची वायर थेट बॅटरीवरून घेतली असावी. तसं असेल तर चावी काढली तरी पंखा चालू राहू शकतो, आणि चुकून राहिला तर सकाळपर्यंत बॅटरी उतरू शकते. त्यात तुमच्या फेऱ्या दहा-पंधरा मिनिटांच्या. गाडी सुरू करताना सेल्फ, म्हणजे स्टार्टर, बॅटरीतलं जेवढं खातो ते चार्जिंग करणारा डायनमो तेवढ्यात भरून काढत नाही. आई, पंखा काढायचा नाही, काळजी करू नकोस. फक्त चावी फिरवल्यावरच करंट येईल अशा लाइनवर घ्यायचा, मध्ये फ्यूज टाकून.

बाबा, पुढच्या वेळी गाडी चालू झाली नाही तर आधी हेडलाइट लावून बघा. सेल्फ मारताना लाइट एकदम मंद झाले आणि टक-टक-टक आवाज आला, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. लाइट झगझगीत आणि एकच जाड 'खट्' असा आवाज, तर सेल्फ किंवा त्याला करंट जोडून देणारा सोलेनॉइड बिघडलाय. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन उचलत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, पेट्रोल किंवा स्पार्क बघायला हवा. पावसाळ्यात प्लगच्या वायरींना ओल धरते, तेव्हा हेच होतं. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदच, मग अर्धा मिनिट थांबा.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने जाते. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी टॉर्च धरून उभी असायचे आणि हात हलला की तुम्ही न रागावता म्हणायचात, "इकडे, बाळा, इकडे." तो काळ्या ग्रीसचा वास मला अजून आवडतो.

भाईंना अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडणारी, काढून बघायला सांगा. आपल्याकडच्या दमट हवेत ती बॉडीला जिथे बोल्टने बसते तिथे गंजते आणि मग नवी बॅटरीसुद्धा थकल्यासारखी वागते. म्हणूनच बॅटरी बदलायची घाई नको. बॅटरीचे व्होल्ट मोजायच्या मीटरवर इंजिन बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास यायला हवेत, चालू असताना 13.8 ते 14.4. चालू असताना 13 च्या खाली राहिले तर डायनमो किंवा त्याला फिरवणारा पट्टा बघायचा. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून बघायची ती जुनी युक्ती कुणी केली तर हात धरा, त्यात डायनमो जळू शकतो. फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका, तांब्याची तार बिलकुल नको. इंजिन सीटखाली आहे, तुम्ही दोघं त्यावर बसता.

आई, तुझी उशी आणि पाण्याची बाटली गाडीतच राहू दे. बाबांच्या गोळ्यांचा एक जादा संच डॅशबोर्डवर नको, तिथे उन्हाने तापतात. तुझ्या पर्समध्ये ठेव. रस्त्यात गाडी थांबली तर दोघांनी बाजूला सावलीत बसायचं आणि भाईंना फोन करायचा. बाबा हट्टाने उतरायला लागले तर मला लाव, मीटिंगमध्ये असले तरी उचलीन.

ओम्नी बनणं 2019 मध्ये थांबलं, पण सुटे भाग बाजारात आहेत, म्हणून बाबा, "आता कुठे खर्च करायचा" हे नको. शनिवारी भाई गेले की मीटरचे दोन्ही आकडे फोन करून सांगा. पंख्याची वायर कुठून घेतली होती तेही.

तुमची,
धाकटी