ओमूच्या जेवणाचं

दत्त्या,

काल फोनवर वहिनी शेजारी रडायलत्या म्हणून नीट बोलता आलं नाही, आता सावकाश लिहितोय. किमो चालू असल्यानं ओमू घास घेतला की उलटी करतोय म्हणालास. आमच्या चिंगीच्या ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या वेळी हेच होतं रे, तेव्हा जे कामाला आलं ते सांगतो, बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच कर.

ताट वाढूच नका, भरलेलं ताट बघूनच पोरगं घाबरतं. वाटीत दोन-तीन चमचे मऊ भात नाहीतर मुगाची पातळ खिचडी, तास-दीड तासानं परत तेवढंच. उलटीची गोळी, ती ऑन्डनसेट्रॉन, आधीच देतात, जेवणाच्या साधारण अर्धा तास अगोदर, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. आणि गोळीच उलटीत पडली तर मनानं दुसरी देऊ नको, फोन करून विचार.

फोडणीचा वास या पोरांना अजिबात सहन होत नाही. चिंगीला आम्ही बाहेरच्या खोलीत बसवायचो आणि मगच गॅस पेटवायचो, जेवणसुद्धा जरा निवल्यावर द्यायचो कारण गरम वाफेला वास जास्त. पण निवलेलं म्हणजे शिळं नाही हां, आपल्या सोलापूरच्या उन्हात सकाळचं दुपारी खराब होतं आणि किमोनं ओमूच्या पांढऱ्या पेशी कमी असणार, म्हणजे जंतुसंसर्ग लगेच होतो. ताजंच करा, पाणी उकळून गार केलेलं, कोशिंबीर आणि बाहेरचं बंद.

एक गोष्ट मावशींना तूच सांग, माझं ऐकणार नाहीत. किमोच्या दिवशी ओमूची आवडती शेंगापोळी करून आणू नका. पोटात ढवळत असताना जे खाल्लं त्याचीच शिसारी बसते, नंतर किमो संपली तरी ते पोटात जात नाही. चिंगी अजून शिऱ्याकडं बघत नाही बघ. शेंगापोळी तो बरा असेल त्या दिवसासाठी ठेवा, तोंड आलं नसेल तर.

उलटी झाल्या झाल्या खायला घालू नका, चूळ भरायला लावा, थोड्या वेळानं ओआरएस चमच्या-चमच्यानं द्या. जबरदस्ती तर करूच नको, एक वेळ नाही जेवला तर चालतं, पण पाणीसुद्धा टिकेना, सहा-आठ तास लघवी नाही, नाहीतर ताप १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले तरी हॉस्पिटल गाठ. ताप दिसला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, एवढं पक्कं लक्षात ठेव.

रविवारी मी येतोय. ओमूजवळ मी बसतो, तू आणि वहिनी बाहेरच्या खोलीत बसून पोटभर जेवा, डबा मी आणतो.

तुझा,
सुन्या