तिसरी पिन

हर्णै,
रविवार, रात्री

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर हसत म्हणालीस, "बाबा, नवा लॅपटॉप चार्जिंगला लावला की हाताला मुंग्या येतात." आईही हसली. मी उठून पडवीत जाऊन बसलो.

फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितो. पहिल्या पगारातून लॅपटॉप घेतलास हे बंदरावर लिलावाच्या वेळी चौघांना सांगून झालं, त्यातल्या दोघांना दोनदा. पण ते राहू दे. चार्जरला तीन पिना आहेत आणि खोलीतलं सॉकेट दोन भोकांचं, म्हणून मधे कन्व्हर्टर लावलायस ना? म्हणजे अर्थिंग तुटलं. ती जाड पिन लांब असते ती उगीच नाही. प्लग घालताना ती आधी टेकते, काढताना शेवटी सुटते. चार्जरमधून पत्र्यावर येणारा बारीक करंट तिच्या वाटेने जमिनीत जायचा. वाट नाही मिळाली की तो तुझा हात शोधतो. एवढ्याने काही होत नाही, हे मलाही कळतं. पण चार्जर आतून बिघडला तर?

घरमालकाला सांगून वायरमन बोलाव. नुसतं तीन भोकांचं सॉकेट बसवून घेऊ नकोस. मागे हिरवी वायर आहे का, ती खाली अर्थिंगपर्यंत पोचलीय का, ते बघायला लाव. पुष्कळ घरांत तिसरं भोक शोभेचं असतं. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, आहे का तेही विचार. 'सारखा पडायचा म्हणून काढला' असं कोणी म्हणालं तर फोन त्याच्या हातात दे, मी बोलतो.

गादीवर ठेवून काम करू नकोस, गोधडीने खालची हवेची भोकं बुजतात. विजा चमकायला लागल्या की प्लग उपटायचा, बटण बंद करून भागत नाही. ओटीपी कुणाला सांगू नकोस, पैसे गेलेच तर लगेच सायबर हेल्पलाइनच्या १९३० नंबरला... हे तर तूच मला शिकवलंस. राहिलं. लाइनमनची खोड, दिसेल त्याला शिकवायचं. रागावू नकोस.

जून २०२० मध्ये 'निसर्ग' वादळाने खांब आडवे केले, तेव्हा मी दिवसभर लाइनवर आणि तू मेणबत्तीशी पुस्तक घेऊन. रात्री कितीही उशीर होवो, दारातच विचारायचीस, "हातमोजे घातले होते ना?" जेवलास का, हे आई नंतर विचारायची.

पोफळीतल्या पंपाचं लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. भाऊकाकाही हसतच म्हणाला होता, "पंपाला हात लावला की जरा मुंग्या येतात रे." मी म्हटलं, उद्या बघतो. लाइनमन असून.

आईने फणसपोळी आणि आमसुलं पाठवली आहेत. त्याच पिशवीत तळाला माझा टेस्टर आहे, पिवळ्या मुठीचा. आता लॅपटॉपच्या पत्र्याला लावून बघ, मग नवं सॉकेट झाल्यावर परत बघ आणि दिवा लागला की नाही ते कळव.

तोवर आधी चार्ज करून घे, प्लग काढ, मग मांडीवर घे. अगदीच अडलं तर पायात रबरी चपला घालून बस. हसू नकोस.

तुझा,
बाबा