मोंढ्यातले कबुलीनामे

महोदय,

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, मी बत्तीस वर्षे दिवाणजी होतो. गल्ल्यात तूट आली की नोकराला पेढीवर बसवून, पूर्वी शंभराच्या आणि आता पाचशेच्या मुद्रांकावर, ‘मी पैसे चोरले, पगारातून फेडीन’ असे लिहून घेतले म्हणजे प्रकरण मिटले, अशी आमच्याकडे सर्रास समजूत आहे. ती खोटी आहे.

माझ्या निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या सोयाबीन हंगामात आमच्याच पेढीवरील एका पोराने असा कागद लिहून दिला. ‘पोलिसांत जाणार नाही’ असा शब्द त्याला दिला गेला होता; महिनाभरात तक्रार झाली आणि तोच कागद तिला जोडला गेला. त्याने उचलले होते अकरा हजार, कागदावर मात्र चाळीस हजार होते, कारण वर्षभराची सगळी तूट त्याच्याच नावावर टाकली गेली. रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, माझ्या हातचा असूनही मी तेव्हा गप्प बसलो.

पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. पण मालक म्हणजे पोलीस नव्हे, आणि त्याच्यापुढे स्वखुशीने लिहून दिलेली कबुली न्यायालयात येऊ शकते. न्यायालये असा पुरावा दुबळा मानतात आणि त्याला इतर पुराव्याचा आधार शोधतात. शिवाय अधिकारस्थानी असलेल्या व्यक्तीने धमकी देऊन किंवा आमिष दाखवून ती मिळवली असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २२ नुसार ती बाद ठरू शकते. म्हणजे दार लावून, दमदाटी करून घेतलेला कागद मालकाच्याही कामी येईलच असे नाही.

शिक्षेबाबतही गैरसमज आहे. पाच हजारांहून कमी रकमेची पहिलीच चोरी असेल आणि ऐवज परत केला, तर समाजसेवेवर सुटका होते, असे नव्या भारतीय न्याय संहितेबद्दल सांगितले जाते. ती सवलत त्या संहितेतील साध्या चोरीच्या कलम ३०३ मध्ये आहे. नोकराने मालकाकडे चोरी केल्यास कलम ३०६, आणि सोपवलेल्या रकमेचा अपहार केल्यास कलम ३१६(४) लागते. दोन्हींत सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पैसे फेडल्याने गुन्हा पुसला जात नाही, आणि तक्रारीनंतर तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते.

म्हणून सही करण्यापूर्वी नोकराने वकिलाला विचारावे. ऐपत नसेल, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी. त्या पोराचा खटला अजून चालू आहे. साक्षीला बोलावणे आले, तर अकरा हजारांचा आकडा मी सांगणार आहे.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी, लातूर