पुलावरचं पाणी

गावभाग, सांगली

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलास. छकुली शेजारी गेली, भूक लागलेली असताना ‘जेवून आलेय’ म्हणाली, आणि असं म्हणायचं आजीनं शिकवलंय हेही तिनंच तुला सांगितलं. ‘आई, तिला खोटं बोलायला शिकवू नकोस,’ म्हणून तू फोन ठेवलास. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

तुलाही मी हेच वळण लावलं. वाड्यातल्या आजींचा हंडा तू पहाटे भरून ठेवायचास आणि त्यांनी विचारलं की ‘मी नाही’ म्हणायचास. मी तुझी दृष्ट काढायचे. केलेलं बोलून दाखवू नये, हे मला माझ्या आईनं शिकवलेलं.

नोकरीत असताना शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक अभ्यास सांगितला होता. कांग ली आणि सहकाऱ्यांचा, १९९७ सालचा. चीन आणि कॅनडातल्या ७, ९ आणि ११ वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून त्यांचं मत विचारलं होतं. चांगलं काम करून ‘मी नाही केलं’ म्हणणाऱ्या मुलाला कॅनडातल्या मुलांनी नावं ठेवली. चीनमधल्या मुलांना मात्र, वय वाढेल तसं, ते योग्य वाटत गेलं. वाईट करून नाकारणं दोन्हीकडे वाईटच. तेव्हा वाटलं होतं, माझं बरोबरच आहे.

रात्री मात्र २०१९च्या ऑगस्टमधला कृष्णेचा पूर आठवला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७च्या वर गेलेलं. तू पुण्याहून तासातासाला विचारत होतास आणि मी ‘अजून लांब आहे रे’ म्हणत होते. पाणी आपल्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं. तुझ्या जिवाला घोर नको, एवढंच मनात. आम्हाला बोटीतून काढल्याचं तुला दुसऱ्याकडून कळलं. पाणी ओसरल्यावर आलास, दोन दिवस गाळ उपसलास, माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस.

हंडा भरून नाव न सांगणं वेगळं. ज्याला कळायलाच हवं त्याच्यापासून पूर लपवणं वेगळं. माझं चुकलं, बाळा. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

छकुलीला सांगेन, भूक लागली तर लागली म्हण. हंड्याचं मात्र मी सोडणार नाही, त्यावर तू हवं तर भांड.

आज घाटावर जाऊन आले. पाणी अजून खालच्या पायऱ्यांवर आहे. चढलं तर मीच आधी फोन करेन.

तुझी,
आई